विश्लेषण : महायुद्ध संपून ८० वर्षे झाली, तरी रशिया-जपानमध्ये शांतता करार का नाही?

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. पण त्यात एकमेकांविरुद्ध लढलेल्या रशिया आणि जपानमध्ये आजही शांतता करार झालेला नाही. घोडे अडले आहे ते इतुरुप, कुनाशीर, शिकोतान ही बेटे आणि हाबोमाई बेटसमूहापाशी. जपानच्या होक्काइदोलगतच्या या बेटांना रशिया ‘दक्षिण कुरिल’ म्हणतो, तर जपान ‘उत्तरेकडील प्रदेश’.

वाद कसा सुरू झाला?

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्यात गुप्त समझोता झाला. जर्मनी हरल्यावर सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध युद्धात उतरायचे आणि त्या बदल्यात दक्षिण साखालिन व कुरिल बेटे घ्यायची, असे ठरले. त्यानुसार ८ ऑगस्टला मॉस्कोने युद्ध पुकारले. जपानने शरणागती जाहीर केल्यानंतरही सोव्हिएत सैन्य पुढे सरकत राहिले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सर्व बेटे ताब्यात आली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या सुमारे १७ हजार जपानी रहिवाशांना घरदार सोडावे लागले.

सॅन फ्रान्सिस्कोत काय बिनसले?

सप्टेंबर १९५१ मध्ये शांतता परिषद भरली, तेव्हा कोरियात युद्ध सुरू होते. कालचे मित्र आता शत्रू झाले होते. करारानुसार जपानने कुरिल बेटांवरचा हक्क सोडला, पण तो कोणाला दिला, हे त्यात लिहिलेच नाही. शिवाय कम्युनिस्ट चीनला निमंत्रण नव्हते आणि अमेरिकी सैन्य जपानमध्येच राहणार होते. सोव्हिएत प्रतिनिधी आंद्रेई ग्रोमिको यांनी आक्षेप घेतले. अखेर ४९ देशांनी सह्या केल्या. सोव्हिएत संघ, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाने नकार दिला. भारत तर परिषदेला गेलाच नाही. त्याने ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र करार केला.

सही न केल्याने मॉस्कोचेच नुकसान झाले. बेटे हाती होती, पण त्यावर जपानची लेखी मान्यता नव्हती. आमचा हक्क सोडलेल्या ‘कुरिल’मध्ये ही बेटे येतच नाहीत, असे जपान पुढे म्हणू लागला.

तोडगा निघाला होता का?

जवळपास निघाला होता. १९ ऑक्टोबर १९५६ च्या संयुक्त घोषणेने दोन्ही देशांतील युद्धस्थिती संपली आणि राजनैतिक संबंध सुरू झाले. शांतता करार झाल्यावर शिकोतान व हाबोमाई जपानला देण्याचे सोव्हिएत संघाने मान्य केले. मात्र, बाकीच्या बेटांवर पाणी सोडल्यास ओकिनावा आपल्याकडेच ठेवू, असा इशारा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी जपानला आधीच दिला होता. १९६० मध्ये जपान-अमेरिका सुरक्षा करार नव्याने झाला आणि परकीय सैन्य गेल्याशिवाय बेटे मिळणार नाहीत, अशी अट मॉस्कोने घातली.

आज स्थिती काय?

युक्रेन युद्धानंतर जपानने निर्बंध लादले, तेव्हा मार्च २०२२ मध्ये रशियाने वाटाघाटी थांबवल्या. माजी रहिवाशांना व्हिसाशिवाय बेटांवर जाता यावे, यासाठी केलेला करारही त्याच वर्षी रद्द झाला. लहानपणी बेटे सोडलेली ती पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. करार कधीतरी होईलही, पण त्यांच्यापाशी वाट पाहायला फारसा वेळ उरलेला नाही.