लॅपटॉप कुठला घेऊ? – कागदी टेप, हप्त्यावरचा पीसी आणि आपण

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "दादा, वर्गातली पोरं सांगतात, कोडिंग करायचं तर मॅक घे, नाहीतर लिनक्स टाक. विंडोजवर खरं डेव्हलपमेंट होतच नाही. बाबा हप्त्यावर लॅपटॉप घ्यायला तयार आहेत, पण मॅकचा हप्ता त्यांना जड जाईल. काय करू?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, यावर एपिसोडच करू. कारण हा प्रश्न त्याच्या आधी बऱ्याच जणांना पडलाय.

चला, १९६९ सालात जाऊ. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधलं मरे हिल, तिथली बेल लॅब्ज. मल्टिक्स नावाच्या एका भल्यामोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून बेल लॅब्ज नुकतीच बाहेर पडली होती. केन थॉम्प्सन आणि त्याचे सहकारी म्हणत होते, आम्हाला एक चांगला कॉम्प्युटर घेऊन द्या, आम्ही स्वतःची सिस्टिम लिहितो. पण एकदा हात पोळलेले साहेब लोक काही तयार होईनात.

थॉम्प्सनने तेव्हा 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा एक गेम लिहिला होता. ऑफिसच्या मोठ्या मशीनवर तो एकदा खेळायचा म्हणजे कॉम्प्युटरच्या वेळेचं बिल साधारण ७५ डॉलर! मग त्याला एक पीडीपी-७ सापडलं, जे फारसं कोणी वापरत नव्हतं. गेम त्याने त्यावर नेला. पण गंमत बघा, त्या मशीनवर प्रोग्राम लिहायची धड सोयच नव्हती. लिहायचं मोठ्या मशीनवर, मग कागदी टेपला भोकं पाडून घ्यायची आणि ती टेप हातात घेऊन पीडीपी-७ कडे जायचं. एक चूक सापडली की पुन्हा तीच वारी.

या वारीला तो कंटाळला. त्या उन्हाळ्यात बायको लहान बाळाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला नातेवाइकांकडे गेली. तेवढ्यात थॉम्प्सनने एडिटर, असेम्ब्लर आणि कर्नलचं उरलेलं काम उरकलं. आता त्याच मशीनवर लिहायचं आणि त्याच मशीनवर चालवायचं. हीच युनिक्सची सुरुवात.

मग त्यांना नवीन मशीन मिळालंच नाही का? मिळालं की! १९७० मध्ये त्यांनी सुमारे ६५ हजार डॉलरच्या पीडीपी-११ ची मागणी केली. या वेळी 'ऑपरेटिंग सिस्टिम' हा शब्द शिताफीने टाळला आणि 'कागदपत्रं तयार करायची व्यवस्था बनवतो' असं सांगितलं. कंपनीचा पेटंट विभाग खरोखरच त्यावर टायपिंग करू लागला. या मशीनची मेमरी होती २४ केबी. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

म्हणजे क्रम काय होता? आधी हाताशी असलेल्या यंत्रावर काम करून दाखवलं, मग चांगलं यंत्र आलं.

आता थेट हेलसिंकीला, जानेवारी १९९१. लिनस तोरवाल्ड्स नुकताच २१ वर्षांचा झालेला. त्याने ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला: ३३ मेगाहर्ट्झ, ४ एमबी रॅम. आणि घेतला कसा? हप्त्यावर! ऐकतोयस ना भावा?

पीसीसोबत आलं होतं डॉस. त्याला मात्र हवं होतं युनिक्स. विद्यापीठात युनिक्सचं मशीन होतं, पण त्यावर एका वेळी १६ जणच बसू शकत, बाकीचे रांगेत. घरी युनिक्स विकत घेणं विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरचं. म्हणून त्याने मिनिक्स आणलं, अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी बनवलेलं छोटं युनिक्ससारखं. घरून विद्यापीठाच्या मशीनला जोडायला त्याने एक प्रोग्राम लिहिला आणि तो वाढत वाढत ऑपरेटिंग सिस्टिमच झाला. मधे एकदा चुकून त्याने स्वतःचं मिनिक्सचं पार्टिशनच उडवलं. मग परत मिनिक्स टाकण्यापेक्षा आपलंच पुढे नेऊ, असं ठरवलं. तेच लिनक्स.

जानेवारी १९९२ मध्ये खुद्द टॅनेनबॉम यांनी टीका केली की, लिनक्सची रचना कालबाह्य आहे, शिवाय ते ३८६ ला फारच बांधलेलं आहे. त्यांचा मुद्दा अभ्यासाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. पण जगभरच्या पोरांच्या घरी तोच स्वस्त पीसी होता. त्यामुळे लिनक्स डाउनलोड करून बघणारे आणि दुरुस्त करणारे हात वाढत गेले.

बाकीची गोष्ट पटकन सांगतो. ॲपलने स्टीव्ह जॉब्सची नेक्स्ट कंपनी विकत घेतली. नेक्स्टची सिस्टिम युनिक्सच्या घराण्यातली. तिच्यातूनच २००१ मध्ये मॅक ओएस टेन आलं. आणि मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजच्या आतच लिनक्सची साधनं चालवायची सोय जाहीर केली. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर खरं लिनक्स कर्नलच आणलं. म्हणजे पोरं ज्या तीन पक्षांवरून भांडतात, ती आज एका वाड्यातली तीन बिऱ्हाडं झालीत. टर्मिनल उघडलं की बरेचसे कमांड तेच.

तर भावा, आता तुझं उत्तर. पहिला प्रश्न 'कुठला लॅपटॉप' हा नाहीच. तुझा प्रोग्राम चालणार कुठे, ते आधी ठरव. आयफोनची ॲप करायची असतील तर मॅक लागेलच, कारण एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. खास विंडोजची सॉफ्टवेअर करायची तर विंडोज. पण वेब, पायथन, जावा, अँड्रॉइड यासाठी तिन्ही चालतात. कंपन्यांचे सर्व्हर बहुतेक लिनक्सवर असतात, त्यामुळे लिनक्सची सवय मात्र कर, विंडोजच्या आतूनही होते.

पैसे उरले तर लोगोवर नको, रॅमवर घाल. अँड्रॉइड स्टुडिओ, एमुलेटर आणि ब्राउझर एकदम उघडले की ८ जीबी रॅम धापा टाकते. १६ घे, किंवा नंतर वाढवता येईल असं मॉडेल बघ. आणि लिनक्स टाकायच्या आधी बॅकअप घे बाबा! पार्टिशन उडवून लिनसचं भलं झालं, आपलं होईलच असं नाही.

मॅक वाईट नाही, उत्तम मशीन आहे. पण ते तुझ्या पहिल्या पगारातून घे. बाबांच्या झोपेतून नको.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमचा पहिला कॉम्प्युटर कुठला होता, ते आम्हाला नक्की कळवा!