मियादी बुखार : टायफॉइडचा जंतू पेशीत शिरतो तरी कसा?

उर्दूत टायफॉइडला ‘मियादी बुखार’ म्हणतात आणि मराठीत जुनी माणसं ‘मुदतीचा ताप’. मियाद म्हणजेच मुदत. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट पकडली आहे : हा ताप आपली मुदत पुरी केल्याशिवाय जात नसे. औषध नव्हतं त्या काळात तो तीन-चार आठवडे राही आणि दहातल्या एक-दोघांना घेऊन जाई. वर्गात हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की पोरांना आजार निम्मा समजतो, असा आमचा अनुभव आहे. उरलेला निम्मा इथे सांगतो.

या आजाराचा जंतू आहे ‘साल्मोनेला टायफी’. तो फक्त माणसात राहतो. गाय, म्हैस, कोंबडी यांना हा आजार होत नाही. म्हणजे आपल्या ताटातला किंवा पेल्यातला जंतू कुठल्या तरी माणसाच्या विष्ठेतूनच आलेला असतो. मध्ये फुटकी पाइपलाइन असेल, न धुतलेला हात असेल, माशी असेल. बर्फाने तो मरत नाही, उकळीने मरतो.

पोटात गेल्यावर पहिला पहारा जठरातल्या आम्लाचा. बहुतेक जंतू तिथेच मरतात, त्यामुळे थोडे जंतू गेले तर पुष्कळदा काहीच होत नाही. पण पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचं आम्ल कमी झालेलं असतं, त्यांच्यात हा पहारा ढिला पडतो.

जे वाचतात ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचतात. तिथे शरीराने चौक्या बसवल्या आहेत. त्यांवरच्या खास पेशी, ज्यांना एम पेशी म्हणतात, आतड्यातला नमुना उचलून आतल्या सैनिक पेशींना दाखवतात. टायफॉइडचा जंतू नेमका हाच दरवाजा वापरतो. पण तो आपल्याला कुणी उचलायची वाट बघत बसत नाही. त्याच्या अंगावर इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक यंत्रं असतात. ती पेशीला टोचून तो स्वतःची प्रथिनं आत सोडतो. पेशीच्या आत तिला आकार देणारे धाग्यांचे सांगाडे असतात; ही प्रथिनं त्या धाग्यांची मांडणी बदलतात. मग पेशीचा पृष्ठभाग लाटेसारखा उसळतो आणि जंतूला चोहोबाजूंनी वेढून आत ओढून घेतो. कुलूप तोडण्याऐवजी घरमालकाकडूनच कडी काढून घेण्याचा हा प्रकार.

खरी कमाल पुढे आहे. आत त्याला गिळायला महाभक्षक पेशी तयारच असतात. एरवी ही पेशी जंतूला एका पिशवीत कोंडते आणि त्या पिशवीत जंतुनाशक रस ओतते. टायफॉइडचा जंतू पिशवीतूनच दुसऱ्या प्रकारच्या सुया बाहेर काढतो, रस आत येण्याचा मार्ग बिघडवतो आणि त्या पिशवीतच वाढू लागतो. शिवाय त्याच्या अंगावर ‘व्हीआय’ नावाचं साखरेचं कवच असतं, त्यामुळे शरीराला धोक्याची घंटा उशिरा ऐकू येते. म्हणूनच टायफॉइडमध्ये सुरुवातीला जुलाबाचा गदारोळ नसतो. पोलिसांच्याच गाडीत बसून चोर यकृत, प्लीहा, हाडांतला मगज आणि पित्ताशय असा प्रवास करतो.

यात साधारण एक ते दोन आठवडे जातात. मग जंतू मोठ्या संख्येने रक्तात उतरतात आणि ताप दिवसेंदिवस पायरी-पायरीने चढू लागतो. डोकं दुखतं, भूक जाते, जिभेवर थर येतो. काहींना जुलाब, काहींना उलट बद्धकोष्ठ. उपचार झाला नाही तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्यातल्या त्या चौक्यांना जखमा होऊन रक्तस्राव होतो, क्वचित आतड्याला भोक पडतं. ताप असलेल्याचं पोट अचानक कडक होऊन दुखू लागलं तर रात्र काढू नये, थेट मोठा दवाखाना गाठावा.

आता तपासणीचं. आपल्याकडे दोन दिवस ताप आला की ‘विडाल’ करतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात जाहीर होतं, ‘टायफॉइड निकला’. विडाल जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधते. ती जुन्या संसर्गाची असू शकतात, दुसऱ्याच जंतूमुळेही दिसू शकतात. खरी तपासणी रक्ताची कल्चर, तीही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी.

आणि कोर्स. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला की गोळ्या बंद, हे घरोघरी चालतं. पण पेशीत दडलेला जंतू अजून तिथेच असतो, ताप उलटू शकतो. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की तोंडाने घ्यायच्या नेहमीच्या औषधांपैकी जवळपास अ‍ॅझिथ्रोमायसिनच उरलं. आपल्या देशातही सिप्रोफ्लॉक्सॅसिन बऱ्याच ठिकाणी निकामी झालं आहे.

काहीजण बरे होतात पण जंतू पित्ताशयात, विशेषतः पित्तखड्यांवर, ठाण मांडतो. शंभरातले दोन ते पाच जण असे वाहक होतात. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन त्यातली प्रसिद्ध. स्वतः ठणठणीत, पण तिच्या हातचं खाणारी घरं आजारी पडत होती. १९०७ मध्ये ती सापडली आणि आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षं तिला एकांतवासात काढावी लागली. तिला दोष द्यावा की कीव करावी, आम्हाला अजून ठरवता येत नाही.

आपल्या कडेगावात मोहरमला गगनचुंबी ताबुतांच्या भेटी बघायला लांबून माणसं येतात. रमजानात इफ्तारला कापलेली फळं असतात, लग्नात पाचशे माणसांची दावत. शरबतात घालायचा बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विचारायला लाजू नये. पिंपातलं पाणी उकळून गार केलेलं असावं, वाढणाऱ्याने साबणाने हात धुतलेले असावेत, ज्याला नुकताच टायफॉइड होऊन गेला त्याला डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत भटारखान्यात उभं करू नये.

लसही आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस मोहिमेतून मुलांना दिली, देशातल्या सरकारी यंत्रणेतली ती पहिलीच वेळ. नऊ महिने ते चौदा वर्षांची एक लाखाहून अधिक मुलं पहिल्या टप्प्यात आली. ही लस त्याच व्हीआय कवचाची ओळख शरीराला आधीच करून देते. नेपाळमधल्या चाचणीत एका डोसने सुमारे ८० टक्के संरक्षण दिसलं. सहा महिन्यांपुढच्या बाळालाही ती चालते. आपल्या मुलांच्या डॉक्टरांना पुढच्या लसीच्या तारखेला तिच्याबद्दल विचारता येईल.