चित्रकलेचा तास कोठून आला?

शाळेतल्या चित्रकलेच्या तासामागे एका मुंबईकर व्यापाऱ्याची देणगी आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांतून मार्च १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. पहिले वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरत. हेतू चित्रकार घडवण्यापेक्षा कारागिरी सुधारण्याचा होता. १८६६ मध्ये सरकारने कारभार हाती घेतला. स्वतःची इमारत १८७८ ची. १८७९ मध्ये रेखाटन अभ्यासक्रमात आले, पण ते शिकवणारे शिक्षक तयार करण्याची सोय झाली १८९३ मध्ये. म्हणजे शाळा निघाल्यावर तब्बल ३६ वर्षांनी! देणगीदारांना इमारत दिसते, शिक्षक दिसत नाही, ही तक्रार तशी जुनीच म्हणायची.

वारंगा फाट्याचा परिसर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई राज्यात तो १९५६ मध्ये आला. आज तिथल्या मुलांनाही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देता येतात, दहावीला वाढीव गुणही मिळतात. गुणांचे आम्हाला फारसे कौतुक नाही. मात्र पिंपळाचे आणि ज्वारीचे पान शेजारी ठेवून ज्याने शिरा रेखाटल्या, त्याला जाळीदार आणि समांतर शिराविन्यासातला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही.