कागदावरचे विजापूर आणि मोहिमेबाहेरचे रायपूर

सातारचे राज्य 1848 मध्ये व नागपूरचे 1854 मध्ये, डलहौसीच्या एकाच धोरणाने खालसा झाले. पहिल्याबरोबर विजापूर कंपनीकडे आले. दुसऱ्याबरोबर रायपूर, राजिम, सिरपूर आणि सारा छत्तीसगड. दोन्ही प्रदेशांत मोडकळीस आलेल्या जुन्या वास्तूंचा मोठा ठेवा होता. परंतु विजापूरची 1855 मधील छायाचित्रे आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. रायपूरकडे ती मोहीम वळलीच नाही. या फरकाचे कारण वास्तूंच्या गुणवत्तेत नव्हे, तर कारभाराच्या सीमांत शोधावे लागते.

कागदी निगेटिव्हची कृती विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने शोधली आणि 1841 मध्ये तिचे पेटंट घेतले. उत्तम प्रतीच्या कागदावर आयोडाइड व सिल्व्हर नायट्रेट यांची प्रक्रिया करून तो कॅमेऱ्यात ठेवावयाचा, गॅलिक आम्लाने प्रतिमा उमटवावयाची, हायपोने ती पक्की करावयाची आणि मग हव्या तितक्या प्रती काढावयाच्या, असा हा क्रम. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1851 मध्ये कागद आधीच मेणात भिजवण्याची सुधारणा प्रसिद्ध केली. असा कागद तयार करून काही दिवस जवळ ठेवता येई. त्याच वर्षी काचेवरची कोलोडियन पद्धतीही पुढे आली. तिच्यात बारकावे अधिक स्पष्ट येत, पण काच ओली असतानाच सारे उरकावे लागे. म्हणजे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि जड काचा यांचे लटांबर मुक्कामागणिक बरोबर आलेच. फिरतीवरच्या माणसाला कागद परवडे. त्याचे तंतू चित्रात डोकावत, प्रकाशन कित्येक मिनिटे चाले आणि चालती माणसे उमटत नसत. या चित्रांतील निर्मनुष्य प्रांगणे प्रत्यक्षात तशी होतीच, असे म्हणूनच समजू नये.

मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळावर होते. वास्तूंची नोंद रेखाटनकारांकडून करून घेण्यापेक्षा छायाचित्रणाने ती अचूक व स्वस्त होईल, असा कंपनीच्या संचालकांचा कल झाला. 1855 मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज याची या कामी नेमणूक केली. वर्ष संपून तो पलटणीत परतला तेव्हा विजापूर, बदामी, ऐहोळे आदी स्थळांच्या शंभराहून अधिक कागदी निगेटिव्ह तयार होत्या. त्याच्या जागी डॉ. पिगू आला, 1858 मध्ये तो मरण पावला. या चित्रांचे ग्रंथ 1866 मध्ये लंडनला निघाले, त्यांना प्रेमचंद रायचंद, करसनदास माधवदास अशा मुंबईच्या शेठांच्या देणग्यांचे पाठबळ होते. शेअरबाजार 1865 मध्येच कोसळला होता. पुस्तके निघाली हेच नवल.

छायाचित्र मिळाले म्हणजे सत्य मिळाले, असे मात्र नाही. ऐहोळेचे तथाकथित दुर्गा मंदिर याची साक्ष देते. जेम्स फर्ग्युसन याने ही वास्तू पाहिली ती चित्रात. तिची अर्धवर्तुळाकार पाठ पाहून हे मूळचे बौद्ध चैत्य असावे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो दीर्घकाळ टिकला. वस्तुतः मंदिर आरंभापासून हिंदूच; त्याचे नावही देवीवरून नव्हे, तर त्याला वेढणाऱ्या दुर्गावरून आले आहे. परंतु चूक दुरुस्त करावयासही तेच चित्र उपयोगी पडले, कारण ते जसेच्या तसे उरले होते.

रायपूरच्या बाबतीत चुकीलाही वाव मिळाला नाही. नागपूर प्रांत मुंबई इलाख्यात नव्हता आणि मद्रास इलाख्यातही नव्हता. मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनिअस ट्राइप 1857-58 मध्ये मदुरा, तंजावर, त्रिचनापल्ली या बाजूस फिरला. त्याच सुमारास, 10 डिसेंबर 1857 रोजी, रायपुरात सोनाखानचे नारायणसिंह यांना मृत्युदंड देण्यात आला. तेथील अधिकाऱ्यांपुढे तेव्हा निराळेच प्रश्न होते. मध्य प्रांताची रचना 1861 मध्ये झाली. कनिंगहॅमचा सहायक बेग्लर राजिम, आरंग, सिरपूर या भागात 1873-74 मध्ये पोहोचला, तोवर कागदी निगेटिव्ह मागे पडली होती.

सिरपूरचे लक्ष्मण मंदिर विटांचे आहे, हे येथे विशेष महत्त्वाचे. राणी वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते उभारविले. गाभाऱ्यावरचे शिखर बऱ्याच अंशी टिकून आहे. मंडपाचे मात्र चौथऱ्यावर खांबांचे अवशेष तेवढे उरले आहेत. विटांच्या बांधकामाचे वीस वर्षांतही पुष्कळ बिघडू शकते. बेग्लरच्या वर्णनाला 1855 च्या एखाद्या चित्राची जोड असती, तर त्या मंडपाच्या पडझडीतला कोणता भाग खालसाआधीचा आणि कोणता नंतरचा, हे निदान वेगळे करता आले असते.