बधिर बोटे आणि महारोगाची शंका

आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केस्लापूर येथे पौष अमावास्येच्या सुमारास नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे पाणी घेऊन पायी येतात. त्या डोंगराळ मुलखातील थंडीत बोटे गारठणे कोणालाच नवे नाही. परंतु एखाद्याची बोटे कागदासारखी पांढरी पडावीत, मग निळी होऊन ऊब लागताच ठणकावीत, आणि पुढे हातांची कातडी चामड्यासारखी ताठ व्हावी, तर पाहणाऱ्याच्या मनात महारोगाची शंका सहज येते. त्या शंकेपायी माणसाचे पान निराळे मांडले जाते. म्हणून ही शंका पारखण्याचे साधन वैद्यकाला कसे लाभले, हे पाहण्याजोगे आहे.

कातडी ताठ करणारा हा दुसरा रोग म्हणजे स्क्लेरोडर्मा. नेपल्सच्या कर्झियो या वैद्याने १७५३ साली एका १७ वर्षांच्या मुलीच्या घट्ट झालेल्या त्वचेचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगाचे नाव १८४७ साली फ्रान्समध्ये रूढ झाले. थंडीने पांढऱ्या पडणाऱ्या बोटांवर पॅरिस येथे मोरिस रेनो याचा प्रबंध आला तो १८६२ साली.

त्याच वर्षी मुंबईत हेन्री व्हॅनडाइक कार्टर याने महारोगावरील आपला विस्तृत लेख प्रसिद्ध केला. ग्रे यांच्या १८५८ च्या सुप्रसिद्ध शरीररचनाग्रंथातील चित्रे याच कार्टरच्या हातची. ग्रंथ मात्र जगात ग्रे यांच्याच नावाने ओळखला गेला. मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचना शिकवू लागला. महारोगात मज्जातंतू सुजून जाड होतात याकडे नॉर्वेच्या वैद्यांनी पूर्वी लक्ष वेधले होतेच. कार्टरने ते येथील रोग्यांच्या शवविच्छेदनातून दाखविले. बोटे झडतात ती निव्वळ कातडी सडल्यामुळे नव्हे. आधी स्पर्श हरपतो, मग चटका वा जखम झाल्याचे कळतच नाही. १८७३ साली हॅन्सनने रोगजंतू पाहिला, आणि कार्टर त्याच वर्षी नॉर्वेस जाऊन त्याला भेटला.

तेव्हापासून कोपरामागील जाड झालेला मज्जातंतू चाचपणे आणि चट्ट्यावरील स्पर्श पाहणे ही महारोगाच्या परीक्षेची मुख्य अंगे झाली. स्क्लेरोडर्मात कातडी ताठ असली तरी स्पर्श सहसा शाबूत असतो, असे मानले जाई. ते सर्वस्वी खरे ठरले नाही. १९८२ साली अमेरिकेतील ४४२ रुग्णांच्या पाहणीत १६ जणांच्या चेहऱ्यावरील संवेदना वाहणारा मज्जातंतू बाधित आढळला. चेहऱ्याचा बधिरपणा कधी कधी रोगाची पहिली खूणही असतो. मनगटाच्या अरुंद वाटेत मज्जातंतू दाबला जाऊन अंगठा व शेजारची बोटे बधिर होतात, तीही याच रोगात. तेव्हा केवळ बधिरतेवरून महारोग ठरविता येत नाही. चट्टा, मज्जातंतूची जाडी आणि जंतूंचा तपास यांची सांगड घालावी लागते.

या चुकीची किंमत लहान नाही. महारोगावर १९८० च्या दशकापासून बहुऔषधी उपचार मिळू लागला आणि तो त्याने बराही होतो. तीच औषधे स्क्लेरोडर्माच्या रुग्णाला दिली तर त्याच्या रोगाला त्यांचा काहीच उपयोग होत नाही, आणि ज्या महिन्यांत त्याची फुप्फुसे, मूत्रपिंडे व रक्तदाब तपासायला हवा होता, ते महिने गोळ्या गिळण्यातच निघून जातात.