दुभाष्या आणि भाषांतरकार : संगणकाच्या प्रतिरूपणाचा एक प्रश्न

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक केवळ आज्ञांनी उभा करावयाचा आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून दाखवावयाची, हा उद्योग अलीकडचा भासतो. त्यामागील प्रश्न मात्र जुना असून तो मूलतः भाषेचा आहे. सटाण्याच्या बाजारातील अहिराणी वक्त्याचे म्हणणे परक्या माणसापर्यंत दोन रीतींनी पोचविता येते. ते आधी सगळे प्रमाण मराठीत उतरवून द्यावे, किंवा दुभाष्याने शेजारी बसून वाक्यामागून वाक्य उलगडावे. पहिल्या रीतीत मूळ मागे पडते. दुसरीत ते अबाधित राहते, पण वेळ फार जातो. प्रतिरूपण ही दुसरी रीत होय.

पहिल्या रीतीचे लक्षणीय उदाहरण मुंबईचे आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ मध्ये बरोज कंपनीचे बी १७२८ हे यंत्र आयात केले. रुग्णालयीन कामकाजाच्या कोबोल आज्ञावल्या बरोजच्या एका यंत्रमालिकेवरून दुसरीवर नेण्याचे काम हाती आले, तेव्हा हे यंत्र यावयाचेच होते. आयात परवान्यांच्या त्या काळात वाट पाहणे परवडणारे नव्हते. जवळच्या आयसीएल १९०३ या यंत्रावर रूपांतर करणारी आज्ञावली लिहून ते काम तडीस नेण्यात आले. गंमत अशी, की ज्या यंत्राविना भाषांतर करावे लागले ते यंत्र स्वतः जातिवंत दुभाष्या होते. १९७२ साली पुढे आलेल्या या बी १७०० मालिकेत कोबोलसाठी एक, फोर्ट्रानसाठी दुसरे, अशी कल्पित यंत्रे सूक्ष्म आज्ञांनी उभी केली जात. तिची नियंत्रक आज्ञावलीदेखील अशाच एका कल्पित यंत्रावर चाले.

आरंभीच्या यंत्रांचे प्रतिरूपण त्या मानाने सुकर आहे. केंब्रिजचा एडसॅक १९४९ मध्ये अवघ्या ३१ आज्ञांनी जागा होई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकची स्मृती ४०-अंकी २०४८ शब्दांची होती. पुढील ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र केवळ आज्ञा समजणारा प्रक्रियक पुरत नाही. जागी होताच ती तबकडी चाचपते, स्मृती मोजते आणि घड्याळाच्या ठोक्याची वाट पाहते. लिनक्स आरंभी दोन ठोक्यांमध्ये रिकामी आवर्तने किती होतात याचा अंदाज घेई. नकली घड्याळाने ठोका दिलाच नाही, तर ते तेथेच अडून बसे. आज्ञा एकूण एक बरोबर, तरी यंत्र मृतवत! संपूर्ण यंत्रणेच्या प्रतिरूपणाची खरी कसोटी येथे लागते. नुसत्या प्रक्रियकाच्या नकलेला त्या नावाने संबोधणे सैलपणाचे होय.

ही कसोटी १९९० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सिमओएसने पार केली. त्यात आयरिक्स ही व्यावसायिक ऑपरेटिंग सिस्टिम चालू लागली. तथापि प्रत्येक आज्ञा बारकाईने उलगडत बसल्यास जागे होण्यासच अतोनात वेळ लागे. म्हणून त्याच्या एंब्रा या भागात मूळ यंत्राच्या आज्ञांचे गटच्या गट यजमान यंत्राच्या भाषेत उतरवून साठविले जात, आणि पुन्हा गरज पडताच तेच वापरले जात. फाब्रिस बेलार्ड यांच्या २००३ मधील क्यूइएमूनेही हाच मार्ग धरला. दुभाष्याने अखेर भाषांतराची वही जवळ ठेवली. फक्त वक्त्याने आपलेच शब्द मध्येच बदलले, की त्या वहीतील ते पान त्याला फाडावे लागते.