बुलेटप्रूफ जॅकेट : तपासणी व दुरुस्ती

बंदुकीची गोळी आणि स्फोटात उडणारे धातूचे तुकडे यांपासून सैनिकाच्या धडाचे रक्षण करणारे जॅकेट वापरण्याजोगे आहे की नाही हे वेळोवेळी पारखणे आणि त्याचे दुरुस्त होऊ शकणारे भाग नीट करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. कापडी कव्हर शिवता येते. गोळी अडवणाऱ्या थराला मात्र सुई लावायची नाही, हा त्यातला मूळ नियम. बाहेरून धडधाकट दिसणारे जॅकेट आतून निकामी झालेले असू शकते. म्हणून दुरुस्तीपेक्षा तपासणीला अधिक महत्त्व आहे.

रचना : आधुनिक लष्करी जॅकेटचे तीन मुख्य भाग असतात : जाड नायलॉनचे कव्हर, त्यातील मऊ पॅनेल आणि छातीपाठीवरच्या कठीण प्लेटा. मऊ पॅनेलमध्ये अरामिड किंवा पॉलिएथिलीन तंतूंचे अनेक थर असून ते पाणी न शिरणाऱ्या बंद खोळीत असतात. केव्हलार हा प्रसिद्ध अरामिड तंतू ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ मधील शोधातून आला. मऊ पॅनेल पिस्तुलाच्या गोळ्या व स्फोटातील तुकडे अडवते. रायफलच्या गोळीसाठी प्लेट लागते. प्लेटमधील बोरॉन कार्बाइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे सिरॅमिक गोळीचे टोक फोडते आणि मागचा तंतूंचा थर तुकडे झेलतो.

तपासणी : अमेरिकी भूदलात २००७ पासून वापरात आलेल्या ‘इंप्रूव्हड आउटर टॅक्टिकल व्हेस्ट’च्या उदाहरणावरून ही पद्धत स्पष्ट होते. प्रथम प्लेटा व पॅनेल बाहेर काढून प्रत्येक भाग वेगळा पाहतात. कव्हरवर उसवलेली शिवण, विरलेले पट्टे, फुटलेली बकले आणि माती वा धागे अडकून पकड गेलेले वेल्क्रो शोधतात. जखमी सैनिकाला ओढून नेण्यासाठी मानेमागे असलेला पट्टा जोर लावून पाहतात. या जॅकेटमधील एक केबल ओढली की त्याचे भाग सुटे होतात. पाण्यात पडलेल्या किंवा जखमी झालेल्या सैनिकाच्या अंगावरून ते झटकन उतरवता यावे, यासाठी ही सोय आहे. त्यामुळे जोडणी करताना केबल ठरलेल्या मार्गानेच ओवली गेली आहे ना, हे तपासावेच लागते.

पॅनेलची खोळ तपासणीसाठी उघडत नाहीत. तळहाताने दाबत जाऊन आत घडी, गोळा किंवा सरकलेला थर लागतो का ते पाहतात. कडेची शिवण आणि लेबलही नजरेखालून घालतात. खोळीला भोक पडले तर घाम व पाणी आत शिरते. ओल्या अरामिडचे तंतू एकमेकांवरून घसरू लागतात आणि गोळी अडवण्याची ताकद घटते.

प्लेट दिसायला भक्कम, पण सिरॅमिक ठिसूळ असते. ती जमिनीवर आदळली तर कापडी आवरणाखाली तडा जाऊ शकतो आणि वरून काहीच दिसत नाही. माठ घेताना तो वाजवून पाहतात, तशी ही प्लेट बोटांच्या पेरांनी ठोकून ऐकतात. बद्द आवाज आला तर ती संशयित. दोन्ही हातांनी हलकेच पिळताना आतून करकर ऐकू आली, तरीही ती बाजूला ठेवतात. मात्र हाताच्या व कानाच्या अंदाजावर सगळे सोडता येत नाही. बारीक तडे शोधण्यासाठी अमेरिकी लष्कर प्लेटांचे क्ष-किरण चित्रण करते.

दुरुस्ती व निगा : कव्हरची शिवण, पट्टे, बकले आणि वेल्क्रो दुरुस्त करता येतात किंवा बदलता येतात. शिवण्यापूर्वी पॅनेल बाहेर काढणे अनिवार्य आहे. गोळी लागलेले, कापले गेलेले किंवा खोळ फाटलेले पॅनेल आणि तडा गेलेली प्लेट यांना ठिगळ नाही. ती बदलावीच लागतात. कव्हर थंड पाण्यात सौम्य साबणाने धुतात आणि सावलीत वाळवतात. पॅनेल पाण्यात न बुडवता ओल्या फडक्याने पुसतात. क्लोरीनयुक्त ब्लीच व ऊन दोन्ही अरामिडला घातक आहेत. पॉलिएथिलीन सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याआधीच कमकुवत होते. म्हणून इस्त्री आणि हीटर दूर ठेवतात. जॅकेट साठवताना सपाट ठेवावे, दुमडू नये.

झायलॉनचा धडा : २००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या, झायलॉन या कृत्रिम तंतूच्या जॅकेटमधून गोळी आरपार गेली. त्यानंतर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या अमेरिकी सरकारी संस्थेने वापरलेली १०३ झायलॉन जॅकेटे तपासली. त्यांपैकी ६० जॅकेटे किमान एका गोळीने भेदली. ओलावा आणि प्रकाश यांनी हा तंतू खंगतो, असे आढळले. २००८ च्या मानकात या संस्थेने नमुना जॅकेटे गोळी झाडण्यापूर्वी दहा दिवस ६५ अंश सेल्सिअस उष्णता व ८० टक्के आर्द्रतेत ७२,००० वेळा फिरवण्याची अट घातली. नव्या कोऱ्या मालाची चाचणी पुरेशी नाही, हे त्यातून मान्य झाले.

भारत : भारतीय मानक ब्युरोने २०१८ मध्ये बुलेटप्रूफ जॅकेटसाठी आयएस १७०५१ हे मानक प्रसिद्ध केले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभा कवच’मध्ये बोरॉन कार्बाइड आणि कार्बन नॅनोट्यूब वापरल्या आहेत. अशा सिरॅमिक प्लेटांनाही आदळआपटीचा धोका असतो. कोकणासारख्या दमट हवेत किंवा वाळवंटी उन्हात वापरलेल्या मऊ पॅनेलचे वय केवळ उत्पादनाच्या तारखेवरून ठरवणे धोक्याचे आहे.

नोंदी : प्रत्येक पॅनेल व प्लेटचा क्रमांक, उत्पादनाची तारीख, बॅच आणि तपासणीचा निकाल लिहून ठेवावा लागतो. एका बॅचमध्ये दोष आढळला तर त्यातील उरलेल्या प्लेटा कोणाच्या अंगावर आहेत, हे या नोंदींवरूनच कळते. निकामी ठरलेला भाग पुन्हा वाटपात जाऊ नये म्हणून त्यावर ठळक खूण करून तो साठ्यातून काढून टाकावा. ही शिस्त पाळली नाही तर तपासणीत पकडलेली सदोष प्लेट पुन्हा एखाद्या सैनिकाच्या छातीवर चढते, आणि त्याला ते कळायला मार्ग नसतो.